पंधरवड्याआधीची किल्ली

चाकणच्या एका कारखान्यात मी प्रशासनाचं काम बघते. आमच्याकडे मोटारींचे सुटे भाग बनतात. माझ्याकडे कामगारांच्या बस, कँटीन, गणवेश, पाहुणे आणि घरं असतात. घरं म्हणजे बाहेरच्या देशातून आमच्याकडे कामाला येणाऱ्या लोकांसाठी भाड्याची घरं. हे काम मला कुणी नेमून दिलं नव्हतं. खूप वर्षांपूर्वी एका जर्मन साहेबांना घर मिळत नव्हतं, ते मी मिळवून दिलं, आणि तेव्हापासून ते माझंच झालं. आमच्याकडे बरीचशी कामं अशीच वाटली जातात.

घरांना इथे तोटा नाही. मोशीपासून मारुंजीपर्यंत कुठेही मान वर करून बघा, रिकाम्या बाल्कन्या दिसतील. पण घर आणि भाडेकरू यांच्यामध्ये एजंट, मालक, मालकाची बायको, मालकाचा परदेशातला मुलगा, सोसायटीची कमिटी आणि पोलीस चौकी एवढी माणसं उभी असतात, आणि प्रत्येकाचे प्रश्न तेच. माझी उत्तरंही तीच. हो, लग्न झालंय. नाही, पार्ट्या करत नाहीत. हो, भाडं कंपनी भरते. नाही, तुम्हाला वाटतं तसलं काही ते खात नाहीत. पूर्वी या शेवटच्या प्रश्नाचा मला राग यायचा. आता नुसतं दमायला होतं.

ज्यांच्याबद्दल लिहितेय ते कोरियाचे इंजिनीयर. चाळिशीचे, सडपातळ, कमी बोलणारे. नवी मशीन लाइन बसवायला आले होते आणि वर्ष होत आलं तरी आकुर्डीच्या आमच्या गेस्ट हाउसमध्येच राहत होते. तिथे फक्त पुरुषांची सोय. लाइनवरच्या पोरांनी त्यांना एकच मराठी शब्द नीट शिकवला होता: चालेल. चहात साखर जास्त झाली, चालेल. बस अर्धा तास उशिरा आली, चालेल. बाकी सगळं ते मोडक्या हिंदीत आणि त्याहून थोड्या बऱ्या इंग्रजीत बोलायचे.

श्रावणाच्या सुरुवातीला एका दुपारी ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. मी बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"मॅडम, मला घर पाहिजे. माझी बायको आणि मुलगी येणार."

"अरे वा. कधी?"

"घर असेल तर."

मग त्यांनी थांबत थांबत सांगितलं. आधीच्या एका नेमणुकीत, दुसऱ्याच कुठल्यातरी देशात, बायकोला चार महिने तान्ह्या मुलीला घेऊन हॉटेलात काढावे लागले होते. पाणी तापवायच्या किटलीत ती मुलीसाठी पेज करायची. तेव्हापासून तिनं ठरवलंय, हॉटेलात जायचं नाही. ती म्हणते, हॉटेलात माणूस राहत नाही, नुसता थांबलेला असतो. घर तयार असेल तर ती येईल. नसेल तर येणार नाही, मुलगी तिकडच्याच शाळेत जाईल आणि यांनी उरलेली दोन वर्षं इथे एकट्यानं काढायची.

"मुलगी पाच वर्षांची आहे," ते म्हणाले. "फोनवर मला चित्रं दाखवते. मग थँक्यू म्हणते आणि जाते. शाळेतल्या बाईंशी बोलतात तशी बोलते."

मी तारीख विचारली. त्यांनी सांगितली. त्याआधी येता येणार नाही, कारण तिकडे पौर्णिमेला मोठा सण असतो, पूर्वजांना जेवण वाढतात, आणि ती घरातली मोठी सून. ते सगळं उरकल्यावर पाच-सहा दिवसांत विमान. मी तारीख लिहून घेतली, सण लिहून घेतला नाही. हाताशी महिन्याहून जास्त वेळ आहे एवढंच बघितलं आणि मला बरं वाटलं.

पहिलं घर पिंपळे सौदागरला पाहिलं. चांगली सोसायटी, लिफ्ट, मुलांना खेळायला झोके. मालक तयार होता. पण कमिटीनं 'सहज भेटायला' बोलावलं. क्लब हाउसच्या टेबलामागे तिघं बसलेले, समोर आम्ही दोघं, मुलगी दाखवायला आल्यासारखे.

"मॅडम, आमचं काही म्हणणं नाही," सेक्रेटरी म्हणाले. "पण यांच्या जेवणाला वास येतो असं ऐकलंय."

"सुकट भाजल्यावर येतो तेवढाच," मी म्हटलं.

"आमच्या विंगमध्ये सुकट भाजत नाहीत."

दुसरे गृहस्थ हसत म्हणाले, "भाजतात हो. तुमच्याच खालच्या मजल्यावर भाजतात. तुम्ही ऑफिसात असता तेव्हा."

यावर त्या दोघांचं आपसात जुंपलं. ते बराच वेळ चाललं. इंजिनीयर साहेब मान खाली घालून बसले होते. शेवटी सेक्रेटरींनी "कळवतो" म्हटलं. मी इतकी वर्षं हे काम करतेय, कळवतो म्हणणाऱ्यानं कधी कळवलेलं नाही. गाडीत बसताना साहेबांनी विचारलं, "झालं?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "चालेल." आवाजावरून चालत नव्हतं हे कळत होतं.

त्यानंतरची घरं सगळी सांगत नाही. एका मालकाला फक्त कुटुंब हवं होतं, आणि कुटुंब अजून विमानात बसलेलं नसल्यामुळे हा माणूस त्याच्या लेखी सडाफटिंग. एकीला परदेशी म्हणजे पोलिसांत माहिती द्यावी लागते याचीच धास्ती. एकानं तोंडावर होकार दिला आणि संध्याकाळी एजंटला फोन करून सांगितलं की माझा भाचा अचानक राहायला येतोय. असे भाचे या शहरात फार आहेत. मी स्वतः परभणीहून लग्न होऊन आकुर्डीत आले, तेव्हा आमच्या नशिबी असे तीन भाचे आले होते. नवरा वैतागायचा. मी तेव्हाही याद्याच करत होते, कुठल्या गल्लीत कुणी काय विचारलं त्याच्या. आडनाव विचारलं की पुढचं कळायचं.

गणपती तोंडावर आले तेव्हा एजंटचा फोन आला. "ताई, मोशीला एक जागा आहे. दुसरा मजला. मालक-मालकीण खालीच राहतात, मूळ गावचे आहेत. कमिटी-बिमिटी काही नाही. फक्त काकू जरा कडक आहेत."

"कडक म्हणजे?"

"म्हणजे तुमच्यासारख्या," तो म्हणाला.

मोशीची ती इमारत शेताच्या कडेला होती. निम्मं शेत विकून त्या पैशात बांधलेली, उरलेल्या निम्म्यात काका अजून कांदा लावत आणि चाकणच्या बाजारात नेत. काकू साठीच्या पुढच्या, नऊवारीतल्या, दारात उभ्या. त्यांनी साहेबांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. साहेबांनी न सांगता बूट काढले. काढून झाल्यावर खाली वाकले आणि ते फिरवून, टाचा भिंतीला लावून, एका रेषेत ठेवले, म्हणजे निघताना पाय सरळ आत जावेत. काकू ते बघत राहिल्या.

"ह्यांना बघा," काकू नवऱ्याकडे वळून म्हणाल्या. "चाळीस वरसं झाली, तुमची एक चप्पल दारात आन् एक अंगणात."

"त्यो इंजिनीअर हाय," काका म्हणाले. "त्याला मापात ठेवायचा पगार मिळतोय."

मग प्रश्न झाले, पण वेगळे. आईबाप हायेत का? हायेत. कोण बघतं त्यांना? बायको. पोरगी किती वर्षांची? जेवते का नीट? काय खाता, हेही विचारलं, पण "भात खाता ना? मग झालं" एवढ्यावर संपवलं. पोलिसांची कागदं कंपनी करणार असेल तर त्यांना हरकत नव्हती. मी वर जाऊन नळ, बटणं, खिडक्यांच्या कड्या, बाथरूमचा उतार सगळं तपासलं. हॉलला ओल येऊन गेलेली होती, रंग काढायला हवा होता. काकू म्हणाल्या, काढून देतो.

साहेबांकडे आधार कार्ड नाही, म्हणून करार कंपनीच्या नावानं केला. गणपतीतच केला, सही माझी. तो दिवस मला आठवतो, कारण फार दिवसांनी मी बसमध्ये डोळे मिटून बसले होते. रंगारी तेवढा गणपतीला कोकणात गेला होता. तो आला की आठवडाभराचं काम, तोवर कुटुंब येणार, ते पोचायच्या दिवशी किल्ली. साहेबांनी विमानाची तिकिटं काढली. ती बदलता न येणारी होती, हे त्यांनी मला काढल्यावर सांगितलं.

विसर्जनाच्या दोन दिवस आधी किल्लीचं पक्कं करायला मी काकूंना फोन केला.

"किल्ली घटस्थापनेला घ्या," काकू म्हणाल्या.

"काकू, ते लोक त्याच्या दहा दिवस आधी येतायत. आपलं ठरलंय ना?"

"करार ठरलाय. राहायला यायचं कुठं ठरलंय? पंधरवड्यात मी नव्या घरात कुणाला पाय ठेवू देणार न्हाई. माझा रंगारी रंग काढू दे, त्याला माझं न्हाई म्हणणं न्हाई. पण चूल पेटायची न्हाई."

मी फोन कानाशी धरून भिंतीकडे बघितलं. कारखान्याच्या कॅलेंडरवर सगळं होतं, शटडाउन, ऑडिट, दिवाळीचा बोनस. पितृपक्ष नव्हता. माझ्या घरी त्या पंधरा दिवसांत आम्ही साधी उशी विकत आणत नाही. माझ्या नणंदेनं गेल्याच वर्षी त्यासाठी फ्लॅटचा ताबा पुढे ढकलला होता. पौर्णिमेला पूर्वजांना जेवण, असं तो माणूस माझ्या तोंडावर सांगून गेला होता. तरी मला सुचलं नाही. त्यांच्या पौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवसापासून आपला पंधरवडा लागतो, हे समजायला मला काकूंचा फोन लागला. परदेशी माणसाला असल्या गोष्टी नसतात, असं मी मनात कुठेतरी धरलं होतं.

तरी मी वाद घातला. करार झालाय म्हटलं. कंपनीचं नाव घेतलं. ते लोक हिंदू नाहीत, त्यांना हे लागू नाही, असंही म्हटलं.

"त्यांना नसंल," काकू म्हणाल्या. "घर माझं हाय ना? घराला लागू हाय."

दुसऱ्या घराला वेळ नव्हता. हॉटेल उरलं, आणि हॉटेल म्हणजे नकार.

साहेबांना सांगायला मी लाइनवर गेले. वाटेत वाक्यं जुळवत होते आणि एकही जुळत नव्हतं. एका इंजिनीयरला कसं सांगायचं की घर आहे, करार आहे, किल्लीही आहे, पण मेलेल्या माणसांच्या पंधरवड्यामुळे तुमच्या मुलीला त्यात झोपता येणार नाही? मशीनच्या आवाजात मी ते कसंबसं सांगितलं. ते हसतील किंवा चिडतील असं मला वाटलं होतं. चिडले असते तर बरं झालं असतं, मीही थोडं चिडून घेतलं असतं.

त्यांनी हातमोजे काढले आणि विचारलं, "शेवटचा चांगला दिवस कुठला?"

"परवा. अनंत चतुर्दशी. पण परवा तुमचे लोक इथे नाहीत, घराला रंग नाही, काही नाही."

"माझी आई पण असंच करते," ते म्हणाले. "आमच्याकडे वाईट दिवशी घर बदलत नाहीत. चांगल्या दिवशी गाडी मिळत नाही, सगळ्यांना तोच दिवस पाहिजे. मग काय करतात, चांगल्या दिवशी आधी भाताचा कुकर नवीन घरात ठेवतात. कुकर गेला म्हणजे आपण गेलो. सामान नंतर, कधीही."

"कुकर?"

"राइस कुकर. माझ्याकडे आहे. गेस्ट हाउसमध्ये. छोटा."

तो कुकर मी पाहिला होता. एका माणसाचा, विजेवरचा, झाकणाची मूठ तुटून तिथे स्क्रू बसवलेला. वर्षभर हा माणूस कँटीनची पोळी-भाजी खाऊन रात्री त्यात आपल्यापुरता भात लावत होता. गेस्ट हाउसच्या केअरटेकरनं माझ्याकडे त्याची तक्रारही केली होती, विजेची. मी ती बाजूला ठेवली होती.

हे फोनवर सांगून भागणार नव्हतं. संध्याकाळी मी मोशीला उतरले. काकू अंगणात लसूण सोलत बसल्या होत्या, मीही शेजारी बसले आणि दोन गड्डे सोलले. मग सांगितलं. कुकरचं सांगितलं, त्यांच्या आईचं सांगितलं. काकूंचे हात चालूच होते.

"म्हंजे प्रस्थान ठेवल्यावानी," त्या म्हणाल्या.

प्रस्थान ठेवणं मी माझ्या आजोळी ऐकलं होतं. निघायचा दिवस चांगला नसेल तर आदल्या चांगल्या दिवशी आपली पिशवी, नारळ, काहीतरी शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायचं, म्हणजे प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरायचं. काकू म्हणाल्या, त्यांचे धाकटे दीर फौजेत गेले तेव्हा हजर व्हायचा दिवस अमावास्येचा होता. सासूबाईंनी आदल्या दिवशीच त्यांची ट्रंक शेजारच्या घरात नेऊन ठेवायला लावली.

"मग चालतंय का?" मी विचारलं.

"ट्रंक म्हंजे ट्रंक. ह्यो कुकर," त्या म्हणाल्या. मग एक पाकळी सोलून, "ती बाई आधी का येत न्हाई पण? आठ दिस आधी आली आसती तर कुणाचं काय अडलं आसतं?"

मी सणाचं सांगितलं. पौर्णिमेला पूर्वजांचं जेवण, मोठी सून, ते केल्याशिवाय निघता येत नाही.

काकूंनी लसणाचं सूप खाली ठेवलं. "तिच्याकडंबी हायेच का? सासरच्या मेलेल्यांचं समदं करून मग निघायचं व्हय तिनं? इमानात बसून?"

"हो."

"मग तिला तरी कुठं सुटका हाय," काकू म्हणाल्या. आत बघून ओरडल्या, "आवं, परवाच्याला ते लोक कुकर घिऊन येत्यात. वरच्या खोलीत वायर सोडा." आणि मला म्हणाल्या, "रिकामा आणू नका. भांडं भरून आणा. आन् दूध उतू घातल्याबिगर मी मानणार न्हाई."

अनंत चतुर्दशीला कंपनीला सुट्टी. माझ्या घरचा गणपती दीड दिवसाचा, तो कधीच गेला होता. दिवसभर झोपायचं ठरवलं होतं. त्याऐवजी आकुर्डीहून साहेबांना रिक्षात घेऊन निघाले. मांडीवर कुकर, कुकरमध्ये तांदूळ. रस्ते विसर्जनासाठी बंद, रिक्षावाला गल्लीबोळातून काढत होता आणि प्रत्येक वळणावर विचारत होता, "ताई, आजच न्यायचा का हा डबा?" ढोलांच्या आवाजात उत्तर देण्यात अर्थ नव्हता. मोशीत शेवटी पायी चालावं लागलं. समोरून गणपती निघालेले, आणि आम्ही दोघं उलट दिशेनं, कुकर घेऊन. कुणीतरी साहेबांच्या कपाळाला गुलाल लावला. ते थांबून नमस्कार करत आणि मग माझ्यामागे पळत येत.

काकूंनी उंबऱ्यावर पाणी ओवाळून टाकलं. साहेबांनी कुकर आत नेऊन स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला, बोटभर उजवीकडे सरकवला, पुन्हा सरळ केला. हॉलमध्ये रंगाऱ्याची शिडी आणि डबे तसेच पडलेले. काकांनी खालून सोडलेली वायर खिडकीतून आत आली होती. गॅस नव्हता. मग दूध कशात उतू घालायचं?

"ह्याच्यातच घाला," काकू म्हणाल्या. तांदूळ ताटात काढले, कुकरात दूध ओतलं, झाकण न लावता बटण दाबलं. आम्ही चौघं भोवती उभे राहिलो. दूध तापायला भलताच वेळ घेत होतं. बाहेर ढोल, आत चौघं जण एका छोट्या भांड्याकडे टक लावून. मला उभ्या उभ्या झोप येत होती.

दूध एकदम वर आलं. काठाशी आलं तसा साहेबांचा हात गेला आणि त्यांनी खटकन प्लग ओढला. दूध खाली बसलं.

"आरं, आता जाऊ द्यायचं हुतं की!" काकू ओरडल्या.

"सॉरी, सॉरी." त्यांचे कान लाल झाले. मला म्हणाले, "मॅडम, वीस वर्षं हेच काम. उतू जायच्या आधी बंद."

काका भिंतीला टेकून हसत होते. "आमच्या हिनं चाळीस वरसं दूध उतू घातलंय. लक्ष नसतं म्हणून. एवढं नेम धरून कधी घातलं नव्हतं."

"तुमी गप बसा," काकू म्हणाल्या. "लाव पुन्यांदा."

दुसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हात पाठीमागे धरले. दूध काठावरून गेलं, ओट्यावर पसरलं, बटणाच्या फटीत शिरलं. काकूंनी कपाळाला हात लावून नमस्कार केला, प्लग स्वतः काढला आणि कमरेची किल्ली साहेबांच्या हातात दिली.

"झालं. आजपासून तुमी इथं राहता. आता सामान कधीबी आणा."

साहेब दोन्ही हातांनी किल्ली घेऊन वाकले. मग किल्ली खिशात टाकून त्यांनी ओट्यावरचं दूध पुसायला घेतलं.

रंगारी कोकणातून एक दिवस उशिरा आला. मी त्याच्यावर ओरडले, तो रात्रंदिवस लागला, शेवटचा हात देऊन झाला तेव्हा गाडी विमानतळावरून निघाली होती. मी मोशीला आधीच जाऊन गाद्या, पाण्याचा फिल्टर, डास मारायचं यंत्र, संडासातला साबण सगळं लावून ठेवलं होतं. बायको आली ती थकलेली, तोंड उतरलेली, मुलगी खांद्यावर झोपलेली. आमच्या साहेबांनी मुलीला घ्यायला हात पुढे केले, पण ती आईच्या मानेला घट्ट धरून होती. बायकोनं दारात बूट काढले, फिरवून ठेवले आणि घर बघत आत गेली.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. ते माझं काम नव्हतं, माझं काम संपलं होतं. तिनं खिडकी उघडली, शेत दिसलं. नळ सोडला, बंद केला. ओला रंग हाताला लागला, तो रुमालाला पुसला. माझ्या डोक्यात हॉटेलांची नावं यायला लागली होती. मग ती ओट्याशी गेली, कुकरचं झाकण उघडलं आणि आत वाकून बघितलं. तळाशी दूध करपून तपकिरी थर बसला होता. वर्षभर एकट्यानं राहिलेल्या माणसानं कुकर नुसता विसळून ठेवला होता. ती नवऱ्याकडे वळून काहीतरी लांबलचक बोलली. शब्द एकही कळला नाही, पण त्यातलं एकूण एक मला कळलं, लग्न झालेल्या कुठल्याही बाईला कळलं असतं. मग तिनं मुलीला त्याच्या खांद्यावर दिलं, बाह्या वर केल्या आणि तारेची घासणी मागितली. घासणी माझ्या यादीत नव्हती. मी खाली काकूंकडून आणली.

काकू माझ्यामागून जिना चढून आल्या. त्यांच्या सासूबाईंची तिथी होती, हातात खिरीची वाटी झाकलेली. दारातच थांबून त्यांनी आत बघितलं. ती बाई जमिनीवर उकिडवी बसून कुकर घासत होती, केस तोंडावर आलेले. साहेब मुलीला घेऊन खिडकीशी उभे, अजिबात न हलता, ती जागी होऊ नये म्हणून.

"घासती म्हंजे राहती," काकू हळूच म्हणाल्या आणि वाटी माझ्या हातात देऊन खाली गेल्या. पंधरवड्यात त्या उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत, ते त्यांनी पाळलं.

ती राहिली. मुलगी चिखलीच्या एका बालवाडीत जाते, आणि परवा मी काही कागदांसाठी गेले तेव्हा काकूंच्या अंगणात कांद्याच्या पाती मोजत बसली होती. साहेब कुकरमधून मला भात वाढायला निघाले, मी नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. निघताना करार आठवला. तो अकरा महिन्यांचा आहे. बसमध्ये बसल्यावर मी कारखान्याचं नाही, तिथ्यांचं कॅलेंडर फोनवर उघडून बघितलं. अकरा महिने संपतात तेव्हा श्रावण येतो, पंधरवड्याच्या महिनाभर आधी.

चालेल, मी म्हटलं, आणि डोळे मिटले.